एंजिनाची बैठक

आमच्या चिंचवडच्या घराच्या मागील अंगणांत आंब्याच्या झाडाखालीं एक फियाट मोटार छत्तीस वर्षें उभी होती. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाचोळा आणि पाचोळ्यावर शेजारचीं मांजरें, असा तिचा थाट असे. घरांत नवी सून आली म्हणजे तिला वडील माणसांच्या पायां पडावयास लावीत, देवघर दाखवीत, आणि सर्वांत शेवटीं कोणीतरी त्या ताडपत्रीकडे बोट करून "ही आपली गाडी" असें म्हणे. गाडी चालत कां नाहीं, हें मात्र कोणी सांगत नसे.

ती २०२४ सालीं पुन: चालूं लागली. तिच्या उभें राहण्याचें आणि पुन: चालण्याचें कारण एकच वस्तु आहे, आणि ती इतकी क्षुद्र आहे कीं पुष्कळ मोटारमालकांना तिचें नांवहि ठाऊक नसतें. एंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर गाडीला टेकलेलें असतें, ते हे ठोकळे. कारखान्यांत त्यांस 'माउंटिंग' म्हणतात. भोसरीच्या मिस्त्रींच्या तोंडीं 'फाउंडेशन' हा शब्द आहे. घर बांधणाऱ्यांचा शब्द मोटारीच्या पोटांत कसा शिरला कोण जाणे, पण मला तोच अधिक समर्पक वाटतो. हे ठोकळे आमच्या फियाटसारख्या गाडींत तीन असतात : दोन पुढें, एंजिनाच्या दोन्ही कुशींस, आणि एक मागें, गिअरबॉक्सच्या खालीं. मुठीएवढें रबर, त्याच्या दोन्ही अंगांस चिकटविलेल्या लोखंडी पट्ट्या आणि एक-दोन बोल्ट, एवढाच त्यांचा संसार.

गाडी १९६६ सालची. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, सरकारी नोकरींत होते. मोटारीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचा तो काळ. फियाट ११०० ही मूळची इटलीची. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत ती १९५४ पासून होऊं लागली, आणि १९६४ च्या सुमारास तिचें 'डिलाइट' नांवाचें रूप निघालें. हीच मोटार पुढें 'प्रेसिडेंट' व मग 'पद्मिनी' झाली, आणि काळी-पिवळी टॅक्सी होऊन मुंबईच्या रस्त्यांवर दोन पिढ्या धांवली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली. आमची गाडी घरीं आली तेव्हां चिंचवड म्हणजे मोरया गोसावींचें मंदिर, पवनेचा घाट आणि चापेकरांचा वाडा. पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झालेला होता. १९६२ त औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि भोसरी-आकुर्डीच्या ज्वारीच्या शेतांतून भिंती व धुराडीं वर येऊं लागलीं. अण्णांची गाडी आणि हा कारखान्यांचा पट्टा हीं बरोबरीनेंच वाढलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां, एंजिन गाडीला सरळ बोल्टांनीं घट्ट कां जखडीत नाहींत, असें कोणी विचारील. पूर्वीं पुष्कळ मोटारींत तसेंच करीत, आणि गाडींत बसलेल्यांचे दांत वाजत. १९३१ सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ मोटारींत 'फ्लोटिंग पॉवर', म्हणजे तरंगती शक्ति, या नांवाची एक योजना आणली. मी आयुष्यभर शाळेंत भौतिकशास्त्र शिकविलें, तेव्हां ती समजाविण्याचा मोह मला आवरत नाहीं. परंतु त्यासाठीं फळ्याची गरज नाहीं, माजघरांतला झोपाळा पुरे आहे.

झोपाळ्यावर मनुष्य मधोमध बसला तर तो शांतपणें झुलतो. एका टोकाला बसला तर वेडावांकडा हलतो आणि कड्या कुरकुरतात. क्रायस्लरच्या लोकांनीं एंजिनाची पुढची बैठक उंच व मागची खालीं अशी घेतली, कीं त्या दोहोंस जोडणारी रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जावी. मग एंजिन आपल्या स्वाभाविक आंसाभोंवतीं डुलूं लागलें आणि तें डुलणें रबरानें गिळलें. पुढच्याच वर्षीं फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें या युक्तीचे हक्क घेतले. त्याच क्रायस्लरशीं करार करून आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली आणि १९४७ त पहिली मोटार बाहेर काढली, हें येथें ओघानें सांगितलें पाहिजे.

झोपाळ्याची आणखी एक गोष्ट मुलांना उपजत ठाऊक असते. त्याच्या लयींत झोका दिला तर तो चढत जातो. त्याच्या लयीहून फार घाईनें हात मारीत राहिलें तर तो जागेवरच राहतो. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनीं संथ चालत असतां प्रत्येक फेरींत दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला २५ धक्के. रबरावर बसलेल्या एंजिनाची स्वत:ची लय सेकंदाला दहा किंवा त्याहून कमी ठेवली, तर ते पंचवीस धक्के रबराच्या पलीकडे फारसे जात नाहींत. रबर कठीण घेतलें तर ही लय वर चढते, धक्क्यांच्या लयीस मिळते, आणि आरसा, दारें व बसणाऱ्याच्या मांडीवरचा डबा सर्व एकदम थरथरूं लागतात. मऊ घेतलें तर दुसरें संकट उभें राहतें. एंजिन चाकांना एका दिशेस पिळतें, तेव्हां तें स्वत: उलट दिशेस पिळलें जातें, पहिल्या गिअरांत हा पीळ तिपटी-चौपटीनें वाढतो आणि एंजिनाची डावी कूस वर उचलूं पाहते. तिला धरून ठेवणें हेंहि त्याच रबराचें काम. मऊहि असावें आणि धरूनहि ठेवावें, असा हा विलक्षण हुद्दा आहे. एकत्र कुटुंबांतल्या कर्त्या बाईस तो अपरिचित वाटूं नये.

१९८८ सालीं अण्णांनीं गाडीचें पेट्रोल एंजिन काढून डिझेलचें बसविण्याचें ठरविलें. डिझेल त्या वेळीं पेट्रोलहून पुष्कळ स्वस्त होतें, घरांत शिकणारीं मुलें होतीं, आणि परवानगी घेऊन असा बदल नोंदवितांहि येई. एका मालवाहू गाडीचें जुनें एंजिन मिळालें. तें ज्या कारागिरांनीं बसविलें त्यांचें नांव मी देणार नाहीं. कारण दोष त्यांच्याइतकाच आमच्या घाईचाहि होता. "आठ दिवसांत गाडी पाहिजे, घरांत लग्न आहे," असें मींच त्यांना बजावून आलों होतों.

पेट्रोल एंजिनांत वायु सात-आठ पट दाबला जातो, जुन्या डिझेलमध्यें वीस पट व त्याहूनहि अधिक. त्यामुळें तें जड असतें आणि संथ चालतांना अधिक हादरतें. आमच्या फियाटला तर वेगळी चासी नाहीं. वांकविलेल्या पत्र्याचें अंग हीच तिची चासी. त्या अंगावरच्या मूळच्या बैठका गॅसनें कापून काढल्या, नव्या एंजिनाच्या कुशी जेथें आल्या तेथपर्यंत लोखंडी अँगलचे लांब हात पुढें आणले, आणि त्यांना ट्रकचीं मिळालीं तीं रबरें लटकावलीं. लटकावलीं हा शब्द मी विचारपूर्वक वापरतों. रबर दाब सोसतें, कांहीं अंशीं पीळहि सोसतें. परंतु सतत ओढ त्याला सोसत नाहीं. डाव्या बाजूचें रबर असें बसलें होतें कीं एंजिन उचललें गेलें म्हणजे तें केवळ ताणलें जाई. शिवाय वरून पंपाच्या नळींतून डिझेलचा एक-एक थेंब त्यावर पडत असे. नैसर्गिक रबराला तेल म्हणजे विष. तें फुगतें, पिठूळ होतें आणि पट्टीपासून सुटतें. यांतलें कांहींहि आम्हांला तेव्हां ठाऊक नव्हतें. गाडी चालत होती आणि स्वस्तांत चालत होती, एवढेंच आम्ही पाहत होतों.

मे महिन्यांत आम्ही मुंबईचें तें लग्न आटोपून परत येत होतों. अण्णा गाडी चालवीत होते, शेजारीं दादा होता. मागें आई, मी आणि वहिनी, व वहिनींच्या मांडीवर सहा महिन्यांचा माझा पुतण्या. खोपोली मागें टाकून घाट चढूं लागलों. एका वळणावर अण्णांनीं पहिला गिअर घातला, आणि पुढें कांहीं फाटल्यासारखा आवाज झाला. लगेच एंजिन भयंकर ओरडूं लागलें व गाडीनें कठड्याकडे उडी घेतली. अण्णांनीं क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरले. एंजिनाचा आवाज चढतच होता. त्यांनीं किल्ली फिरवून काढून घेतली. बावीस वर्षांची पेट्रोलची संवय! परंतु डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाहीं, जुन्या पद्धतीचें असल्यास किल्ली काढली तरी तें चालूंच राहतें. तें थांबविण्यासाठीं निराळी दांडी ओढावी लागते. ती दादानें ओढली. सर्व शांत झालें तेव्हां गाडीचें डावें चाक कठड्याला टेकलें होतें आणि रेडिएटरमधून पाणी वाहत होतें. तान्हें मूल झोपेंतून जागेंहि झालें नव्हतें.

त्या शांततेंत दादा एवढेंच म्हणाला : "अण्णा, चुकून ॲक्सिलरेटरवर पाय पडला कां?"

अण्णांनीं उत्तर दिलें नाहीं. घरीं आल्यावर त्यांनीं डिझेल एंजिन काढवून विकलें, गाडी आंब्याखालीं लावली आणि पुन्हां कधींहि कोणतीहि मोटार चालविली नाहीं. जुनें पेट्रोल एंजिन कोठीच्या खोलींत गोणपाटांत गुंडाळून ठेवलेलें होतें, तें तेथेंच राहिलें. घाटाचा विषय घरांत निघत नसे. अण्णा २००३ सालीं गेले. आपल्या हातून चूक झाली आणि सहा माणसें दरींत जावयाचीं राहिलीं, असें ते शेवटपर्यंत समजत होते. आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि तसेंच समजत होतों.

तो तान्हा पुतण्या आज चाकणच्या एका मोटार कारखान्यांत अभियंता आहे. चाकण म्हणजे आमच्या लहानपणीं कांद्याचा बाजार आणि १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाएस्तेखानाशीं झुंजविलेला किल्ला. १९९९ सालीं तेथें बजाजचा कारखाना आला, २००९ त फोक्सवागनचा, २०१० त महिंद्राचा. असल्या कारखान्यांत मोटारीचें रंगविलेलें अंग वरून सरकत येतें, खालून एंजिन आपल्या रबरी बैठकांसह वर उचललें जातें, आणि दोहोंची गांठ पडते. जर्मन कारखान्यांत या क्रियेला 'होखत्साइट', म्हणजे लग्न, असेंच म्हणतात. प्रत्येक बोल्ट किती जोरानें आवळला याची नोंद तेथें यंत्रच ठेवतें, आणि मिनिटा-दोन मिनिटांत लग्न लागून वरात पुढें जाते. पुतण्याची नोकरी या मांडवांतली; म्हणून गाडी दुरुस्त करण्याचें त्यानेंच मनावर घेतलें.

प्रथम त्याचा बेत निराळा होता. कोठींतलें जुनें एंजिन बाजूस ठेवून आजच्या एखाद्या लहान मोटारीचें चपळ एंजिन बसवावें, असें तो म्हणे. त्यांत त्याला कायदा आडवा आला, आणि तें बरेंच झालें. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मालकाला गाडींत असा बदल करतां येत नाहीं, कीं ज्यानें नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल. आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम कडकपणें पाळावयाचा आहे असें सांगितलें. याच्या उलट, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनीं तिला 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो. मात्र अशी गाडी नेहमींच्या वापरासाठीं रस्त्यावर काढतां येत नाहीं, प्रदर्शनें आणि शर्यतींसारख्या प्रसंगांपुरतीच ती बाहेर पडूं शकते. आम्हांला आळंदीस जावयाचें होतें, प्रदर्शनास नव्हे. तेव्हां मूळचेंच एंजिन मूळच्याच जागीं बसवून डिझेलची नोंद रद्द करावी आणि साधी नोंदणी पुन: करून घ्यावी, असें ठरलें.

मूळची जागा तर १९८८ सालींच कापली गेली होती! भोसरीच्या मिस्त्रींनीं गाडीखालीं कंदील धरून पाहिलें आणि म्हणाले, "सर, एंजिनाचं काम आठ दिवसांचं आहे. फाउंडेशनचं काम महिन्याचं. आधींच सांगून ठेवतों." हे मिस्त्री साठी उलटलेले आहेत. पद्मिनी टॅक्सींवर त्यांनीं हात बसविला. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चहा पाजतात आणि परत पाठवितात.

मापें कशावरून घ्यावयाचीं हा पहिला प्रश्न. चिखलीजवळच्या कुदळवाडींत तेव्हां मोडक्या मालाचीं शेंकडों दुकानें होतीं. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील बांधकामें पाडलीं. त्या ढिगाऱ्यांत मिस्त्रींना एका पद्मिनीचा पुढचा भाग मिळाला, त्याच्या बैठका शाबूत होत्या. त्यावरून त्यांनीं जाड पत्र्याचा एक सांचा केला. मग आमच्या गाडीला चारी बाजूंनीं ठोकळे लावून पाणसळीनें समपातळींत आणली, पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतून दोरी ताणली, ओळंबे सोडले, आणि जमिनीवर खडूनें रेघा मारल्या. वास्तुशांतीपूर्वीं घराची आंखणी करतात तशी ती दिसत होती. पुतण्याजवळ प्रकाशाच्या किरणानें माप घेणारें यंत्र होतें. त्याचें माप आणि दोरीचें माप यांत दोन मिलिमीटरांचें अंतर आलें, आणि कोणाचें खरें यावर सायंकाळपर्यंत वाद झाला. यंत्र तिरपें धरलें गेलें होतें, हें शेवटीं पुतण्यानेंच कबूल केलें.

दोन मिलिमीटरांसाठीं एवढा खल कां, असें मलाहि वाटलें. त्याचें उत्तर गाडीच्या मागच्या अंगास आहे. एंजिनाची फिरत मागच्या चाकांस पोंचविणारा जो शाफ्ट असतो, त्याच्या सांध्यांत 'क्रॉस' असतात. एंजिन थोडें मागें झुकलेलें असतें. जितका कोन पुढच्या क्रॉसमध्यें, तितकाच मागच्यांत असला तर एकाचा हिसका दुसरा मोडून काढतो. कोन विषम झाले तर शाफ्टच्या प्रत्येक फेरींत दोनदा हिसका बसतो, आणि मग रबर बदला, चाकें बदला, गाडी गुरगुरतच राहते. म्हणजे पुढच्या बैठकीची उंची चुकली तर तिचें पाप पाठीमागें फेडावें लागतें. याशिवाय पंखा आणि रेडिएटर यांत, तेलाचें चेंबर आणि स्टिअरिंगची दांडी यांत, सायलेन्सरचा नळ आणि पत्रा यांत, एंजिन डुललें तरी लागणार नाहीं इतकी मोकळीक राखावी लागते. उभ्या एंजिनाला जागा पुरली म्हणून चालत्याला पुरतेच असें नाहीं.

रबरांचें प्रकरण वेगळेंच रंगलें. बाजारांतून आणलेलीं पहिलीं रबरें मिस्त्रींनीं अंगठ्याच्या नखानें दाबून पाहिलीं आणि "हीं दगड आहेत" म्हणून बाजूस टाकलीं. पुतण्यानें आपलें कठिणता मोजण्याचें उपकरण लावलें. 'शोअर' मापांत कांटा सत्तरावर गेला, त्याला पन्नास-पंचावन्न हवें होतें. नख आणि कांटा यांचें एकमत झालेलें पाहून मला मोठें समाधान वाटलें. शेवटीं भोसरींतच एका लहान कारखान्यांत सांचा देऊन तीं करवून घेतलीं. नैसर्गिक रबरांत गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे टणक व लवचिक होतें, हा शोध अमेरिकेच्या चार्ल्स गुडइअरचा, १८३९ चा. पद्धति आजहि तीच. खरें कसब रबर लोखंडाला चिकटविण्यांत असतें. पट्टी वाळूच्या माऱ्यानें लख्ख करावयाची, तिला हात न लावतां विशिष्ट लेप द्यावयाचा, आणि सांच्यांत रबराबरोबरच दीडशें अंशांच्या आसपास भाजून काढावयाची. हाताचा घाम लागला तरी तेथें पापुद्रा सुटतो. शिवाय पुतण्यानें रबराच्या भोंवतीं लोखंडाची अशी एक कड ठेवविली, कीं रबर अजिबात तुटलें तरी वरची पट्टी खालच्या कडेंत अडकून रहावी व एंजिन उठूं नये.

या कडेची गोष्ट सांगतांना त्यानें मला एक हकीकत सांगितली. अमेरिकेंत १९७१ च्या डिसेंबरांत जनरल मोटर्सनें सुमारें ६७ लाख शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या. त्या गाड्यांत एंजिनाचें रबर तुटे, एंजिन आपल्या पिळानें वर उचललें जाई, आणि त्याबरोबर ॲक्सिलरेटरची दांडी ओढली जाऊन गाडी आपोआप वेग घेई. एंजिन फार उठूं नये म्हणून कंपनीनें त्याला एक तारेचा दोर बांधून दिला, तोच तिचा उपाय.

हें ऐकून मी कांहीं वेळ बोललों नाहीं. मग दोघे मिळून कोठींत गेलों. अण्णांची कांहींहि न टाकण्याची रीत होती. जुन्या एंजिनाच्या शेजारीं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यांत डिझेल एंजिनाबरोबर काढलेले तुकडे होते : वांकलेला एक अँगल, डावें रबर आणि ॲक्सिलरेटरची दांडी. रबर फुगून मऊ झालें होतें, आणि पट्टीपासून भाकरीचा पापुद्रा सुटावा तसें सबंध सुटलें होतें. दांडी मध्यें काटकोनांत वांकली होती. तुटलेल्या हाताचें टोंक तिच्यावर कोठें अडकलें, त्याची चरहि तिच्यावर स्पष्ट दिसत होती. पुतण्यानें ते तीन तुकडे ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडून जोडून दाखविले. दादा आला, त्यानें ते उलटसुलट करून पाहिले, आणि चष्मा पुसूं लागला. पुष्कळ वेळानें तो म्हणाला, "मीं विचारावयास नको होतें."

आई नव्वद वर्षांची आहे, तिला कमी ऐकूं येतें. तिला सर्व दोनदा सांगावें लागलें. तिनें विचारलें, "म्हणजे त्यांचा पाय पडला नव्हता?" नाहीं म्हणून सांगितलें. "मला ठाऊक होतें," ती म्हणाली, आणि जपमाळ घेऊन आंत गेली. तिला खरोखर ठाऊक होतें कीं काय, हें आम्ही विचारलें नाहीं.

काम पुढें चाललें. मिस्त्रींनीं गिअरबॉक्स जोडलेलें एंजिन चेन-पुलीनें उचलून आंत सोडलें, आधीं लांकडी ठोकळ्यांवर टेकविलें, आणि बैठकांच्या नव्या पट्ट्या सांच्याप्रमाणें लावून त्यांना फक्त टांके मारले. मग एंजिन पुन: बाहेर! पूर्ण वेल्डिंग एंजिन व रबरें काढून ठेवल्यावरच करावयाचें, कारण तापलेल्या लोखंडाला टेकलेलें रबर त्याच दिवशीं म्हातारें होतें. आमच्या गाडीचा पत्रा पातळ. म्हणून भार एका जागीं येऊं नये यासाठीं त्यांनीं प्रत्येक बैठकीखालीं हातभर जाड पत्रा पसरून जोडला, आणि पत्रा तापून वळूं नये म्हणून आळीपाळीनें डावीकडे एक बोट, उजवीकडे एक बोट असें वेल्डिंग केलें. त्याला तीन दिवस लागले.

एंजिन दुसऱ्यांदां आंत गेलें तेव्हां बोल्ट नुसते हातानें फिरवून सैल ठेवले. रात्रभर एंजिन आपल्या भारानें रबरावर बसूं दिलें. दुसऱ्या दिवशीं तें सुरू करून, दोन-चारदां डुलवून, मगच पाना लावला. आधीं आवळलें तर रबर पिळलेल्या स्थितींत अडकतें आणि जन्मभर कुरकुरतें. शेवटीं मिस्त्रींनीं एंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत तांब्याच्या वेणीची एक जाड पट्टी बोल्टांनीं जोडली. ही कशासाठीं, म्हणून मीं विचारलें. भौतिकशास्त्राच्या शिक्षकानें विचारावयाचा हा प्रश्न नव्हे, हें उत्तर ऐकल्यावर लक्षांत आलें : रबरांतून वीज जात नाहीं. ती पट्टी नसली तर स्टार्टरचा प्रवाह परतीची वाट शोधीत क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेंतून जातो आणि ती लाल होऊन जळते. तरुणपणीं एका टॅक्सींत तसें होतांना त्यांनीं पाहिलें होतें.

गाडी संथ चालूं असतां पुतण्यानें पाण्यानें कांठोकांठ भरलेलें फुलपात्र डॅशबोर्डवर ठेवलें. पाण्यावर बारीक वलयें उठत होतीं, पण थेंब सांडला नाहीं. मिस्त्री म्हणाले कीं टॅक्सीला एवढें पुष्कळ झालें. पुतण्याला तीं वलयेंहि नको होतीं, म्हणून मागचें रबर एकदां बदलून पाहिलें. कांहीं फरक पडला नाहीं, आणि पहिलेंच परत बसविलें.

परिवहन कार्यालयांतले सोपस्कार संपून गाडी रस्त्यावर आली त्या दिवशीं पुढच्या आसनावर आई बसली. दादा चालवीत होता. मोरया गोसावींच्या मंदिरापर्यंत अंतर फार नाहीं, परंतु त्यानें पुलाकडून लांबचा रस्ता घेतला, आणि चढ आला तेथें पहिला गिअर घालून गाडी मुद्दाम हळू नेली. माझें सगळें लक्ष डाव्या कुशीकडे होतें.

पांचशें किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणा, असें मिस्त्रींनीं सांगून ठेवलें होतें. आळंदीच्या दोन खेपा आणि वहिनींच्या माहेरची एक, एवढ्यांत ते भरले. मिस्त्रींनीं तिन्ही बोल्टांना पाना लावला. उजवा व मागचा जागचा हलला नाहीं. डावा पाव फेरा आंत गेला. रबर दोन मिलिमीटर बसलें होतें. पुतण्यानें तारखेसह तें वहींत लिहून घेतलें, आणि मिस्त्रींनीं चहा मागविला.